टाळी दोन आणि चारवर

माझ्या धाकट्या मावशीने आयुष्यात कुठलंही गाणं दोनदा सारखं म्हटलेलं नाही. गाण्याचं सोडा, तिने कुठलीही भाजी दोनदा सारखी केलेली नाही, बाजारातून घरी येताना ती दोनदा एका रस्त्याने आलेली नाही, आणि माझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे एकाच प्रश्नाला तिने दोनदा एकच उत्तर दिलेलं नाही. आई तिची थोरली बहीण, तेव्हा हे मत अनुभवाचं आहे. "हिच्या हातची शेवभाजी आवडली असेल तर पोटभर खाऊन घ्या, परत मिळायची नाही," असं आई पाहुण्यांना सांगते. पाहुण्यांना वाटतं आग्रह चाललाय. तो इशारा असतो. एकदा मावशीने वरण-बट्टीच्या वरणात कैरीबरोबर दोन पिकलेली केळी कुस्करून टाकली होती. वडील मुकाट्याने जेवले, हात धुतले आणि टॉवेलला पुसता पुसता म्हणाले, "आजचं वरण कोणत्या रागात होतं?" मावशी म्हणाली, "राग नव्हता दाजी, लहर होती."

ही मावशी जॅझ गाते आणि जॅझ शिकवते. हे काम ती मुंबईत किंवा गोव्यात करत असती तर मला हे लिहायचं कारण नव्हतं. ती ते जळगावात करते. आमच्या घराच्या खालच्या खोलीत तिचा वर्ग आहे आणि दारावर पाटी आहे. पाटी रंगवणाऱ्याने शब्द विचारून घेतला, मान डोलावली, आणि "जाज गायन वर्ग" असं झोकदार अक्षरात लिहून दिलं. पहिल्या आठवड्यात चौकशीला दोन माणसं आली, आणि दोघांनाही लग्नाच्या मांडवासाठी जाजमं भाड्याने हवी होती. मावशीने दोघांनाही बसवून चहा दिला आणि जॅझ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यातला एक जण नंतर आपल्या भाचीला घेऊन आला, यावरून मावशीची समजावण्याची ताकद लक्षात यावी.

तिचं समजावणंही माणसागणिक बदलतं. भाजीवाल्या अक्कांना ती म्हणाली, "तुम्ही भरीत करता ना? वांगं तेच, मिरची तीच, लसूण तोच. पण तुमचं भरीत वेगळं आणि तुमच्या जावेचं वेगळं. तसं हे गाणं. चाल एकदा सगळ्यांना सांगून टाकायची, आणि मग ज्याचं त्याने आपल्या हाताने ठेचायचं." अक्का म्हणाल्या, "मग माझ्या जावेला नका शिकवू." शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना तिने सांगितलं, की तिकडे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या राबवलेल्या काळ्या माणसांनी हे गाणं घडवलं, ज्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काही ठेवलं नव्हतं, त्यांनी निदान ताल तरी आपल्या मर्जीने चालवायचं ठरवलं. आणि मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून मला सांगितलं, "तू शिकवतोस तो नकाशा. जॅझ म्हणजे त्या गावात प्रत्यक्ष हरवणं." माझ्या गाण्याबद्दलचा तिचा अभिप्रायही इथेच सांगून टाकतो. ती म्हणते, "तुझा कान फार चांगला आहे. म्हणूनच तू गात नाहीस."

तलाठीकाकांची आणि तिची खरी चकमक झाली ती आमच्या कॉलनीच्या गणपतीत. मावशीचा सिद्धांत असा, की चार मात्रांत टाळी वाजवायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या आणि तिसऱ्यावर वाजवली की गाणं जमिनीला खिळतं. दुसऱ्या आणि चौथ्यावर वाजवली की ते चालायला लागतं. हा सिद्धांत तिने आरतीला लावला. ती मागे उभी राहून, डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावाने उलट्या टाळ्या वाजवू लागली. लहान मुलांना ते लगेच आवडलं. मग मुलांच्या आया फिरल्या. पुढची माणसं एका टाळीवर आणि मागची दुसरीवर, मध्ये झांजवाला सापडला, त्याने घाबरून दोन्हीकडे वाजवायला सुरुवात केली, आणि शेवटी पुढच्या रांगांची आरती संपून प्रसादाला हात पुढे आले तरी मागच्यांचं एक कडवं बाकी होतं. तलाठीकाका मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "ताई, देवासमोर तरी सरळ टाळी वाजवा." मावशी म्हणाली, "काका, देव बिचारा छान नाचायला लागला होता. तुम्ही त्याला कवायतीला उभा केलात." पुढच्या वर्षीपासून मंडळाने तिला आरतीऐवजी प्रसादाचं काम दिलं. दहा दिवस दहा चवींची खिरापत झाली, हे वेगळं सांगायला नको.

ती या गाण्याकडे वळली कशी, हीसुद्धा एक गोष्टच आहे. आमचं आजोळ शिरपूरचं. मावशी बारावी झाली आणि टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी मुंबईला गेली. आवाज स्वच्छ म्हणून नोकरी लगेच मिळाली. बायकांच्या वसतिगृहात तिच्या खोलीत एक गोव्याची मुलगी होती, तिने नाताळच्या गाण्याला माणसं कमी पडतात म्हणून मावशीला चर्चमध्ये नेलं. तिथे पियानो वाजवायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. एरवी ते एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये वाजवत. मावशी त्यांना नुसतं "सर" म्हणते. सरांनी विचारलं, "तुला काय येतं?" तिला येत होती फक्त माझ्या आजीची जात्यावरची अहिराणी ओवी. ती तिने म्हटली. सरांनी डोळे मिटून एकदा ऐकली आणि दुसऱ्यांदा तिच्या खाली पियानोचे सूर घालायला सुरुवात केली. मावशी सांगते, "आपल्या अंगणातून चालत होते मी, आणि एकदम खाली समुद्र लागला. पण बुडाले नाही रे. सरांनी बुडू दिलं नाही."

पुढची वीस-बावीस वर्षं ती दिवसा टेलिफोनवर "नंबर प्लीज" म्हणायची आणि संध्याकाळी सरांच्या बँडबरोबर गायची. सुती साडी, अंबाडा आणि पायात कॅनव्हासचे बूट, हा तिचा वेश तेव्हाही होता आणि आजही आहे. ताल पायातून वर येतो आणि चप्पल तो अडवते असं तिचं मत आहे. लग्नाला, बारशाला, तेराव्याला ती याच बुटांत जाते. नातेवाइकांत मात्र तिची ओळख "टेलिफोनमध्ये असते" एवढीच होती. हॉटेलात गाते, हे सांगायचं कुणी? एकदा शिरपूरच्या एका काकांनी वर्तमानपत्रात तिचा फोटो पाहिला, मागे ड्रम आणि शेजारी गिटारवाला. त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "टेलिफोनवाल्यांचं स्नेहसंमेलन असेल." मावशीला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. पण त्या रात्री, आई सांगते, तिने फोनवर एकच विचारलं होतं, "अगं, फोटोत मी कशी दिसत होते?"

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मावशी आठ दिवसांसाठी जळगावला आली. त्या आठ दिवसांना आता चौदा वर्षं झाली. का राहिली, हे तिने फार उशिरा सांगितलं. सर गेले होते. हॉटेलांनी एकेक करून बँड बंद केले होते. एका माणसाने बटणं दाबली की सगळी वाद्यं वाजतात, मग सहा माणसं कशाला? ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. "तिथे गाणं संपलं होतं, इथे सुरूच झालं नव्हतं," ती म्हणते. "सुरू व्हायच्या ठिकाणी असलेलं बरं."

सुरुवात आमच्या कूलरपासून झाली. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला कूलरचं महत्त्व सांगायला नको. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, आणि त्याला एक घुमणारा आवाज होता. मावशीने पहिल्याच दुपारी जाहीर केलं, की हा कूलर काळी चारमध्ये आहे. त्याच्यासमोर मांडी घालून ती रोज दुपारी रियाज करी, जसं कुणी तंबोऱ्यासमोर बसावं. एकदा वडिलांनी मेकॅनिक बोलावून पंख्याला तेल घालून घेतलं. आवाज गेला. मावशी बाजारातून आली, कूलरपुढे बसली, तोंड उघडलं आणि मिटलं. "दाजी," ती म्हणाली, "कुणी घरात नसताना तुम्ही सूर काढून घेतलात." वडिलांनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला परत बोलावून विचारलं, की बिघाड पूर्ववत करून मिळेल का. त्याने तो करून दिला. तो वर्षानुवर्षं हे सगळ्या गावाला सांगतो.

शिकवण्याची तिची तऱ्हा अशी, की पहिला महिनाभर ती विद्यार्थ्याला गाऊच देत नाही. ती त्यांना घेऊन एसटी स्टँडवर जाते आणि बाकावर बसवते. तिथे यावलच्या गाडीचा एक पुकारा करणारा आहे. "यावल, यावल, याऽवल—चला फैजपूर!" त्याचा प्रत्येक "यावल" वेगळ्या मात्रेवर पडतो, आणि "फैजपूर" बरोबर जागेवर येऊन उतरतं. मावशी मुलांना म्हणते, "याला कुणी शिकवलं नाही. पण हा घाई करत नाही बघा. गाडी सुटायला आली तरी ताल सुटत नाही." एक-दोन पालकांनी मुलं काढून घेतली, स्टँडवर फुकट बसता येत असताना फी कशाला म्हणून. बाकीची मात्र टिकली.

आणि नाना. नाना सोनगीरचे, लग्नातल्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे. मावशीला ते धुळ्यात भर वरातीत सापडले. वरात वळणावर आली, नानांचं बोट घसरलं आणि एक भलताच सूर निघाला. त्यांनी तो सावरण्यासाठी आणखी तीन सूर घेतले आणि चालीवर परत आले. मावशी वरातीत घुसली. नवऱ्या मुलाचा घोडा थांबला, मागचे नाचणारे पुढच्यांवर आदळले. "नाना, तुमी आते काय वाजाडं, ते परत वाजाडा!" नाना घाबरले. "ताई, चूक व्हई गयी. बोट सरकनं."

"तीच चूक परत करा. माले तीच पाहिजे."

नाना अजून हे सांगताना कपाळाला हात लावतात. "मना जलम गया चुका टाळामा, आनि ह्या ताई म्हनतस चूक करा!" पण लग्नसराई नसेल तेव्हा दर गुरुवारी ते सोनगीरहून एसटीने येऊ लागले. कीबोर्ड-स्पीकरची गाडी ढकलत फिरणारे बँड आल्यापासून क्लॅरोनेटला कुणी विचारत नव्हतं. आमच्या खालच्या खोलीत त्यांना कुणीतरी विचारत होतं, आणि चुकीबद्दल का होईना, पण शाबासकी देत होतं.

तिची खरी शिष्या मात्र कापडाच्या दुकानवाल्यांची सून. घर मारवाडी, मोठं, सासूबाईंच्या शब्दाबाहेर न जाणारं. सून आली होती भजन शिकायला. पाटी तिने नीट वाचली नव्हती. मावशीने तिला एक सूर लावायला सांगितला आणि तो ऐकून नाना क्लॅरोनेट पुसता पुसता थांबले. "पोरीना गळामा पानी शे," ते म्हणाले. मावशीने तिला जे शिकवायला सुरुवात केली त्यात शब्दच नव्हते, नुसते सूर, "दुबा-दी-दा" असे उड्या मारत जाणारे. महिन्याभराने सासूबाई स्वतः पाहायला आल्या. खुर्चीवर ताठ बसून त्यांनी अर्धा तास ऐकलं आणि विचारलं, "बाईजी, भजन छान आहे. पण यात देवाचं नाव कुठे आहे?"

मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता संपलं. मावशी खोटं बोलत नाही, ही तिची आणखी एक खोड. ती म्हणाली, "हे भजन नाही. याला जॅझ म्हणतात. देवाचं नाव यात अजून आलेलं नाही. आधी पोरीला श्वास तर पुरू दे." सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि आपल्या सुनेचा चेहरा इतका मोकळा त्यांनी पाहिला होता की नाही, देव जाणे. "नाव आलं की कळवा," असं म्हणून त्या उठल्या. शिकवणी चालू राहिली.

मावशीच्या मनात फार दिवसांपासून एक होतं. मुंबईतले सरांच्या बँडमधले तिघे अजून होते: एक ड्रमवाले, एक सरांच्या जागी बसलेले पियानोवाले, एक व्हायोलिनसारखं पण माणसाएवढं बास उभ्याने वाजवणारे. तिघेही सत्तरीच्या आसपास. त्यांना बोलवायचं आणि धुळ्याला, कॉलेजच्या सभागृहात, खानदेशातला पहिला जॅझचा कार्यक्रम करायचा. मुंबईहून येणारा रस्ता धुळ्यातूनच जातो, तेव्हा म्हाताऱ्यांना त्रास कमी. दिवस आषाढातला धरला, कारण तेव्हा लग्नं नसतात आणि नाना मोकळे असतात. मावशी गाणार, नाना वाजवणार, आणि सून तिच्या मागे उभी राहून दोन गाण्यांत साथ करणार. शिरपूरच्या नातेवाइकांनाही तिने आमंत्रणं धाडली. टेलिफोनवालीचं गाणं ते पहिल्यांदा ऐकणार होते.

एप्रिलमध्ये तिच्या गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल. गाठ साधी आहे, पण आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे. काय होऊ शकतं ते त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि ऑपरेशनमध्ये जे होऊ शकत होतं ते झालं. मावशी बरी झाली. आवाज परतला नाही.

महिनाभर बोलायचंच नव्हतं. मी शाळेतून तिला पाटी आणि खडू आणून दिला. सुरुवातीला आम्हीही हसलो, कारण पाटीवरची मावशी बोलत्या मावशीपेक्षा जास्त बोलायची. दूधवाल्याला "आज पाणी बेसूर" असं लिहून दाखवलं. वडिलांच्या घोरण्याची मात्रा काढून दाखवली. पण मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मे महिना पेटला होता, घरातली फरशी चटके देत होती, आणि मावशी दुपारी कूलर लावत नव्हती. आईने लावला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी विचारलं तर तिने पाटीवर काही लिहिलं नाही. आईनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "तो घुमायला लागला की तिचा गळा आपसूक हलतो रे. मग ती हाताने धरते."

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली त्यालाही पंधरा दिवस झाले, तरी तिने पाटी सोडली नाही. नाना गुरुवारी यायचे, क्लॅरोनेट पेटीतून काढायचे नाहीत, बसून राहायचे. एकदा म्हणाले, "ताई, तुमना आवाज कोठे गया?" आणि स्वतःच डोळे पुसत बसले. मग एक दिवस मावशीने सुनेसमोर पाटी धरली. लिहिलं होतं, "कार्यक्रम होईल. तू गा." सुनेने पाटी वाचली, पदराने पुसली आणि परत दिली. "नाही बाई. मी तुमच्या मागे उभी राहणार होते. तुमच्या जागेवर नाही." असं तीन दिवस चाललं. मावशी लिहायची, सून पुसायची.

चौथ्या दिवशी सासूबाई आल्या, एकट्याच. "बाईजी, ही घरात नीट जेवत नाही. तिला काहीतरी सांगा." मावशीने लगबगीने पाटीवर चार ओळी लिहिल्या आणि पुढे केल्या. सासूबाईंनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी चष्मा आणलेला नाही. तोंडाने बोला."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी वाचून दाखवीन म्हणून. मी पुढे झालोही. सासूबाईंनी मला हातानेच थांबवलं. मग मावशीने तोंड उघडलं. जो आवाज आला तो वाळलेला कडबा हलवल्यासारखा होता. त्यात वारा जास्त आणि सूर कमी. "तिला म्हणावं," ती म्हणाली, "तिने गावं." आणि एवढं बोलून तिने मान खाली घातली. तिला आवाजाची भीती नव्हती, तो स्वतःला ऐकू येईल याची भीती होती, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "एवढंच ना? माझ्या आईचा आवाज अगदी असाच होता. आम्ही सात भावंडं त्याच आवाजावर झोपत होतो." त्या उठल्या, मावशीच्या हातातला खडू काढून घेतला आणि कोनाड्यात ठेवून दिला. "सून गाईल. पण तुम्ही स्टेजवर बसायचं. गुरू घरी बसला तर मी पाठवणार नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी धुळ्याला सभागृह भरलं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या रांगा भरल्या. नानांचा अख्खा बँड लाल कोट, सोनेरी झालरी घालून आला होता. शिरपूरचे काका काठी टेकत आले. भाजीवाल्या अक्का जावेला घेऊन आल्या. पहिल्या रांगेत मध्यभागी सासूबाई, या वेळी चष्म्यासकट. मुंबईचे तिघे म्हातारे मावशीला पाहून आळीपाळीने रडले आणि लगेच वाद्यं जुळवायला लागले. मावशी पियानोशेजारच्या खुर्चीत बसली, साडीखाली पांढरे बूट, आणि तिचा पाय तालावर हलत होता.

पहिली तीन गाणी सून सुरेख गायली. चौथं गाणं सरांचं आवडतं. त्यात मध्यावर गाणाऱ्याने चाल सोडून आपल्या मनाने जायचं असतं. सून गेली, दोन पावलं गेली, आणि थांबली. विसरली नव्हती, कारण विसरायला तिथे काही ठरलेलंच नव्हतं. ती घाबरली. ड्रम चालू, बास चालू, आणि मधे ती माईकपुढे उभी, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. काकांनी काठी घट्ट धरली. मी डोळे मिटून घेतले.

तेव्हा माईकवर तो कडब्याचा आवाज आला. मावशी उठून सुनेच्या शेजारी येऊन उभी होती. सूर लावण्याचा तिने प्रयत्नही केला नाही. ती फक्त म्हणाली, बरोबर मात्रेच्या मागे अर्धं पाऊल राहून, "यावल... यावल, यावल..."

सभागृहात कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सुनेनेही चमकून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "याऽवल," तिने वरच्या सुरात उत्तर दिलं. मावशी खालून, "यावल, यावल," सून वरून, मग नानांचं क्लॅरोनेट मधे घुसलं, आणि तिघं मिळून ती गाडी कुठल्या कुठे घेऊन गेली. ड्रमवाले म्हातारे, ज्यांना यावल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ते तोंडभर हसत वाजवत होते. आणि शेवटी "चला फैजपूर!" असं सून म्हणाली ते इतकं नेमकं समेवर, की नानांच्या बँडने उभं राहून टाळ्या वाजवल्या. "बठ्ठा, सगळा लोक हासनात," नाना नंतर आठवडाभर सांगत होते, "पन बेसूर कोन्हीच नही हासना."

कार्यक्रमानंतर सासूबाई स्टेजजवळ आल्या. "बाईजी, देवाचं नाव शेवटपर्यंत आलं नाही." मावशी म्हणाली, "चौथ्या गाण्यात आलं होतं. तुम्ही डोळे पुसत होतात." सासूबाईंनी मान्य केलं नाही, पण वादही घातला नाही.

मावशीचा आवाज त्यानंतर थोडा सुधारला, पण पहिला आवाज काही आला नाही. आता ती त्याच आवाजात शिकवते. गंमत अशी, की नवीन आलेल्या छोट्या मुलींनी तिचा आधीचा आवाज ऐकलेलाच नाही. त्यांना वाटतं, जॅझ असाच गातात. खालच्या खोलीतून आठ-नऊ वर्षांच्या सहा मुली घसा खरवडून, घोगऱ्या आवाजात गाताना ऐकू येतात, आणि त्यांच्या आया माझ्या आईकडे येऊन हळूच विचारतात, "पोरीला खोकल्याचं औषध देऊ का?"

कार्यक्रमाच्या काही दिवसांनी मुंबईच्या ड्रमवाल्यांनी माझ्या फोनवर एक जुनं ध्वनिमुद्रण पाठवलं. हॉटेलातलं, मागे कपबशांचे आवाज, कुणीतरी खोकतंय, आणि त्या सगळ्यावरून तरंगत जाणारी तिशीतली मावशी. आईने ते ऐकलं आणि मला आपल्या फोनवर घालून द्यायला सांगितलं. एवढी वर्षं स्नेहसंमेलन म्हणून सांगितलेलं गाणं आई पहिल्यांदाच नीट ऐकत होती. मावशी वर्गात असली, की आई दुपारी दिवाणावर पडून ते लावायची, आणि वर्ग सुटायची वेळ झाली की बंद करायची.

एक दिवस वर्ग लवकर सुटला. बुटांचा आवाज होत नाही, त्यामुळे आईला कळलं नाही. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. मी समोर पेपर तपासत बसलो होतो. तिने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गळा छान आहे. पण घाई फार करते पोरगी."

आई दचकून उठली. फोन कुठे लपवावा ते तिला सुचेना. "अगं, तूच आहेस ती."

"माहीत आहे गं," मावशी म्हणाली. "म्हणून तर सांगते. तिला वाटत होतं, सगळं आजच म्हणून टाकलं पाहिजे. कुणीतरी सांगायला हवं होतं तिला."

आईने तिच्यासाठी दिवाणावर सरकून जागा केली. मावशी बसली. गाण्याचा शेवट जवळ आला होता, आणि हॉटेलातली ती पोरगी शेवटचा सूर धरून होती, लांबच लांब. आईने मावशीचा हात हातात घेतला, आणि मी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.